स्पॅनिश बी२ : तंत्रज्ञानाचे फायदे-तोटे बोलताना गाडी अडते

खिडकीपाशी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. इथे स्पॅनिश शिकणारे आणि शिकवणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून सरळ विचारते.

बी१ ही पातळी झाली. आता देलेच्या (स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेच्या) पुढच्या, बी२ पातळीची, त्यातही तोंडी परीक्षेची तयारी चालू आहे. वर्गात फिरून फिरून एकच विषय येतो: तंत्रज्ञानाचे फायदे आणि तोटे. कधी मोबाइल, कधी समाजमाध्यमं, कधी घरून काम, हल्ली तर दर वेळी कृत्रिम बुद्धिमत्ता. शब्द येत नाहीत असं नाही. पासवर्ड म्हणजे कोन्त्रासेन्या, स्क्रीन म्हणजे पान्ताया, उतरवून घेणं म्हणजे देस्कार्गार, यादी तोंडपाठ आहे. पण बोलायला तोंड उघडलं की 'इन्तेर्नेत एस बुएनो, पेरो तांबियेन एस मालो' (इंटरनेट चांगलं आहे, पण वाईटही आहे) याच्या पुढे गाडी सरकत नाही. मराठीत याच विषयावर मी समोरच्याचं डोकं खाऊ शकते, स्पॅनिशमध्ये चौथीतला निबंध होतो.

शब्द वाढवू, व्याकरण घोटू, की नुसतं बोलत सुटू? आणि काय ऐकू-वाचू? स्पॅनिश शब्द देवनागरीतच लिहा कृपया, मी फोनवरून वाचते आणि लिपी बदलत बसायचा कंटाळा येतो.

ओळंबा

देवनागरीत लिहितो, पण 'ख' दिसला की तो आपल्या खटाऱ्यातला ख नाही, घशातून घासून येणारा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आधी परीक्षेत नक्की काय मागतात ते बघू, कारण 'तंत्रज्ञानावर बोला' असं कोणी म्हणत नाही. बी२ च्या तोंडीला २० मिनिटं तयारी आणि साधारण २० मिनिटं परीक्षा. पहिल्या भागात एक प्रश्न मांडलेला असतो आणि त्यावर लोकांनी सुचवलेले उपाय छापलेले असतात. त्यातल्या निदान चार उपायांचे 'बेन्ताखास ए इनकोन्बेनियेन्तेस' (फायदे आणि तोटे) तुम्ही तीन-चार मिनिटं एकट्याने बोलायचे, मग परीक्षक त्यावर तुम्हाला छेडतो. दुसऱ्या भागात छायाचित्र. तिसऱ्यात एखाद्या सर्वेक्षणाचे आकडे, आणि त्याला तयारीचा वेळ नाही.

म्हणजे तुम्हाला तंत्रज्ञान चांगलं की वाईट हे ठरवायचंच नाहीये. कुणीतरी म्हणतंय, 'शाळेत मोबाइलवर पूर्ण बंदी घालावी.' तुम्ही म्हणायचं, कल्पना बरी आहे, पण अंमलबजावणी कोण करणार, आणि ज्या मुलाला घरी निरोप द्यायचा आहे त्याचं काय. एवढंच. 'बुएनो' आणि 'मालो' हे शब्द महिनाभर तोंडात येऊ देऊ नका. ते बंद केले की मेंदू आपोआप 'उपयोगी पडेल', 'परवडणार नाही', 'कुणाला तरी वगळलं जाईल' अशा वाक्यांकडे वळतो.

शब्दांची चिंता सोडा. या विषयाचे शब्द सगळ्यात सोपे, अर्धे तर जगभर सारखेच. अडतं ते 'मला तसं वाटत नाही' म्हणताना.

तिरकस

ओळंबासर नेहमीप्रमाणे तत्त्वज्ञान सांगून गेले. मी परीक्षा दिलेला माणूस आहे, व्यवहाराचं सांगतो.

साचे पाठ करा. 'पोर उन लादो' (एकीकडे), 'पोर ओत्रो लादो' (दुसरीकडे), 'सिन एम्बार्गो' (तरीही), 'एन कोन्क्लुसियोन' (थोडक्यात). तयारीच्या कागदावर आधी हेच लिहून काढा आणि मधल्या जागा भरा. परीक्षकाला तुमच्या विचारांची खोली मोजायची नसते. आम्ही सगळे असेच सुटलो.

मधुरव

तिरकस, साचे हवेतच, पण नुसत्या साच्यांवर बोलणाऱ्याचं काय होतं ते ऐकलंय. 'पोर उन लादो' झालं, 'पोर ओत्रो लादो' झालं, आणि परीक्षकाने 'पण तुमच्या आजीला ते ॲप वापरता येईल का?' असं विचारलं की समोर शांतता. साच्यात त्या प्रश्नाचं उत्तर नसतं.

मला वेगळंच सांगायचंय. मराठी येणाऱ्याला स्पॅनिशमधली एक मोठी गोष्ट फुकटात मिळते आणि इंग्रजीतून शिकवलं की ती वायाच जाते. 'मला तंत्रज्ञान आवडतं', 'मला गाणी आवडतात'. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्याप्रमाणे बदलणार, आणि आपण बाजूला 'मला' होऊन बसणार. स्पॅनिशचं 'मे गुस्ता ला तेक्नोलोखिया', 'मे गुस्तान लास रेदेस सोसियालेस' अगदी तसंच. वर्गात इंग्रजीवरून येणाऱ्यांना यात घाम फुटतो, आपल्याला फुटायचं कारण नाही.

आणि ही रचना फक्त आवडण्यापुरती नाही, म्हणून या विषयात ती सोनं आहे. मे प्रेओकुपा : मला काळजी वाटते. मे मोलेस्ता : मला त्रास होतो, खटकतं. मे आसुस्ता : मला भीती वाटते. मे कुएस्ता : मला जड जातं. तंत्रज्ञानाबद्दल माणसाला खरंच जे वाटतं ते सगळं या 'मला'मध्ये बसतं. 'एस मालो' ऐवजी 'मे प्रेओकुपा के लोस निन्योस पासेन तान्तो त्येम्पो देलान्ते दे ला पान्ताया' म्हणा, मुलं इतका वेळ पडद्यासमोर घालवतात याची मला काळजी वाटते. एका वाक्यात मत आलं, कारण आलं, आणि 'पासेन'मध्ये सबखुंतिबोसुद्धा (शंका, इच्छा, भावना सांगताना क्रियापदाचं बदलणारं रूप) आलं. परीक्षकाचे कान तिथेच टवकारतात.

खिडकीपाशी

मधुरवताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं! मनापासून आभार.

काल रात्री धीर करून एक परिच्छेद लिहिला, इथे टाकते. चिरफाड करा.

'आक्तुआल्मेन्ते तोदा ला खेन्ते उसान एल मोबिल. नो क्रेओ के ला तेक्नोलोखिया एस माला, पेरो ला प्रोब्लेमा एस के लोस निन्योस नो खुएगान एन ला काये. सि नो आय इन्तेर्नेत, आब्लामोस मास.' (म्हणायचं होतं: हल्ली सगळे मोबाइल वापरतात. तंत्रज्ञान वाईट आहे असं मला वाटत नाही, पण अडचण ही की मुलं रस्त्यावर खेळत नाहीत. इंटरनेट नसतं तर आपण जास्त बोललो असतो.)

ओळंबा

छान, हे झालं काम. आता एकेक.

'आक्तुआल्मेन्ते' म्हणजे 'सध्या'. 'सध्या सगळे मोबाइल वापरतात' असं म्हणायचं असेल तर बरोबर. 'खरं तर' म्हणायचं होतं का? मग 'एन रेआलिदाद'. इंग्रजीने लावलेला हा सापळा आहे, आणि याच जातीचा दुसरा 'सोपोर्तार'. त्याचा अर्थ पाठिंबा देणं नव्हे, सहन करणं. 'सरकारने दूरस्थ शिक्षण सोपोर्तार करावं' म्हणालात तर सरकारने ते कसंबसं सोसावं असा अर्थ निघेल. (काही वेळा तोही खरा असतो म्हणा.)

'खेन्ते' म्हणजे लोक, पण शब्द एकवचनी. म्हणून 'उसा'. आपल्याकडे लोक अनेकवचनी, त्यामुळे हे मराठी माणसाचं हमखास घसरण्याचं ठिकाण. 'प्रोब्लेमा'च्या शेवटी आ असला तरी पुल्लिंगी. ग्रीकमधून आलेले हे शब्द एकाच ओळीत बसतात: एल प्रोब्लेमा, एल सिस्तेमा, एल प्रोग्रामा, एल तेमा. तंत्रज्ञानावर बोलताना चारही लागणारच.

आता मुख्य. 'क्रेओ के एस' पण 'नो क्रेओ के सेआ'. मराठीतही आपण नकार पुढे ढकलतो: 'तंत्रज्ञान वाईट आहे असं मला वाटत नाही.' वाटत-नाहीला नकार, 'आहे' जसंच्या तसं. स्पॅनिशमध्येही नकार 'क्रेओ'लाच लागतो, पण त्याची झळ आतल्या क्रियापदाला पोचते आणि 'एस'चं 'सेआ' होतं. वादविवादात दर तिसरं वाक्य नकाराचं, म्हणून या विषयात सबखुंतिबो टाळताच येत नाही. टाळायचा प्रयत्न करणारा माणूस सगळ्यांशी सहमत होत सुटतो!

शेवटचं वाक्य व्याकरणात चूक नाही, पण अर्थ गमतीदार झालाय: 'नेट गेलं की आम्ही जास्त बोलतो.' घराघरांतलं सत्य. तुम्हाला म्हणायचं होतं, 'इंटरनेट नसतं तर आपण जास्त बोललो असतो.' मग 'सि नो उबिएरा इन्तेर्नेत, आब्लारियामोस मास'. आपलं 'असतं तर' जिथे येतं तिथे ही जोडी.

आणखी एक, 'आउंके', म्हणजे 'जरी'. 'आउंके एस कारो' म्हणजे ते महाग आहे, मी तुम्हाला सांगतोय. 'आउंके सेआ कारो' म्हणजे महाग असेना का. समोरच्याचा मुद्दा अंगावर न घेता बाजूला सारायला यासारखी गोष्ट नाही. 'असेना का'चा सूर मराठीत जमतो ना, तोच इथे लावा.

तिरकस

'असेना का' आवडलं. माघार नाही, पण आवडलं.

रानवाट

वाचनखूण साठवली. भाषेचं वर सगळं आलंय, मी माल काय भरायचा ते सांगते, कारण खिडकीपाशी यांचा खरा अडसर मला तिथे दिसतो. 'तंत्रज्ञान' एवढ्या मोठ्या शब्दावर मराठीतसुद्धा कुणाला धड बोलता येत नाही. आपण डोकं खातो ते कशावर? अमुक बँकेने अमुक केलं यावर. मग स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतली भांडणं उचला. त्यांची बातमी त्यांच्याच भाषेत वाचली की शब्द त्या भांडणासकट येतात.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण बँकांचं. २०२२ च्या सुरुवातीला स्पेनमधल्या बालेन्सियातल्या कार्लोस सान खुआन नावाच्या ७८ वर्षांच्या निवृत्त डॉक्टरांनी ऑनलाइन अर्ज सुरू केला. घोषणा होती 'सोय मायोर, नो इदियोता', म्हातारा आहे, मूर्ख नाही. तक्रार साधी: शाखा बंद होतायत, खिडकीवरची वेळ कापली जातेय, प्रत्येक कामाला ॲप किंवा यंत्राकडे बोट दाखवतात. सहा लाखांहून अधिक सह्या झाल्या, फेब्रुवारीत ते त्या घेऊन माद्रिदला सरकारकडे गेले, आणि त्याच महिन्यात बँकांच्या संघटनांनी ज्येष्ठांसाठी खिडकीची सेवा सकाळी ९ ते दुपारी २ अशी वाढवायचं मान्य केलं.

आता यातली गंमत बघा. ॲपवर बंदी घाला असं ते म्हणतच नव्हते. माणूसही ठेवा म्हणत होते. आणि ही सगळी चळवळ उभी राहिली ती इंटरनेटवरच्या अर्जामुळे! फायदा आणि तोटा एकाच गोष्टीत. एवढ्या एका प्रकरणावर तुम्ही चार मिनिटं आरामात बोलाल. 'ब्रेचा दिखिताल' (डिजिटल दरी), 'त्रामितेस' (कार्यालयीन सोपस्कार), 'काखेरो' (पैसे काढायचं यंत्र), 'सुकुर्साल' (शाखा), 'आतेन्सियोन प्रेसेन्सियाल' (समोरासमोर सेवा), हे शब्द कुठल्या यादीतून पाठ करायची गरज उरत नाही.

दुसरं उरुग्वेचं. २००७ मध्ये त्यांनी सेइबाल योजना सुरू केली, सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला संगणक. लोकांनी त्या यंत्रांना लाडाने 'सेइबालिता' म्हणायला सुरुवात केली. यंत्र हातात आलं म्हणजे शिक्षण आलं का, हा वाद तुम्हाला तिथून थेट उचलता येईल.

एल साल्वादोरचं बिटकॉइन तर माहीतच असेल. ७ सप्टेंबर २०२१ पासून कायदेशीर चलन, सरकारी ॲप 'चिबो', ते घेणाऱ्या नागरिकाला ३० डॉलरचं बिटकॉइन भेट. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढली. 'सक्ती असावी का' एवढ्याच प्रश्नावर सबखुंतिबोची आतषबाजी करता येते.

नोकरी करणाऱ्यांनी 'देरेचो आ ला देस्कोनेक्सियोन' घ्यावा, कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क. स्पेनच्या २०१८ च्या विदा संरक्षण कायद्यात तो आहे, अर्जेंटिना आणि चिलेने २०२० मध्ये दूरस्थ कामाच्या कायद्यात घातला, कोलंबियाने २०२२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला. माझ्या वर्गातले सगळ्यात पोटतिडकीने यावरच बोलले. का ते सांगायला नको.

तिरकस

रानवाट, मस्त प्रतिसाद, पण एक शंका. परीक्षक म्हणेल, हे पाठ करून आलेत. सान खुआनचं नाव घेतलं की तो ओळखणारच ना?

रानवाट

ओळखू दे की! बातमी माहीत असणं हा गुन्हा नाही. फक्त भाषणासारखं सुरू करू नका. समोर उपाय असेल 'सर्व सरकारी कामं फक्त ऑनलाइन करावीत', तेव्हा एका वाक्यात 'स्पेनमध्ये ज्येष्ठांनी बँकांविरुद्ध असाच आवाज उठवला होता' म्हणा आणि परत उपायावर या. पाठांतराचा वास उदाहरणाला येत नाही, लांबीला येतो.

बोकोबा

अनुवादाचं काम करतो, त्यामुळे शब्दांवरून भांडणं रोजची. सांगून ठेवतो.

संगणकाला स्पेनमध्ये 'ओर्देनादोर', मेक्सिको आणि अर्जेंटिनात 'कोम्पुतादोरा', चिले-कोलंबियात बहुतेक 'कोम्पुतादोर'. मोबाइल स्पेनमध्ये 'मोबिल', पलीकडे लॅटिन अमेरिकेत 'सेलुलार'. रेंज नाही म्हणायला स्पेनमध्ये 'नो आय कोबेर्तुरा', पलीकडे 'नो आय सेन्याल'. खोट्या बातमीला स्पेनमध्ये 'बुलो' म्हणतात, हा छोटासा शब्द बोलण्यात फार कामाला येतो. वायफाय स्पेनमध्ये 'विफि'. पहिल्यांदा ऐकलं की काही केल्या कळत नाही. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'वायफाय'च. इंटरनेटला लिंग कुठलं यावर डोकं फोडू नका, एल आणि ला दोन्ही चालतात.

देलेला कुठल्याही प्रदेशाची स्पॅनिश चालते, फक्त एका वाक्यात ओर्देनादोर आणि पुढच्यात सेलुलार अशी खिचडी शक्यतो नको.

'चर्चा करू या' म्हणून 'बामोस आ दिस्कुतिर' म्हणायची सवय असेल तर जपून. 'दिस्कुतिर'ला बोलताना भांडणाचा वास येतो. 'देबातिर' किंवा साधं 'आब्लार दे' बरं. आणि 'एन आब्सोलुतो' म्हणजे 'अगदी!' नव्हे, 'मुळीच नाही'! परीक्षकाने 'तुम्हाला हे पटतं का?' विचारल्यावर हसतमुखाने 'एन आब्सोलुतो' म्हणणारे मी पाहिलेत, आणि पुढची दोन मिनिटं ते तावातावाने पटल्याची कारणं देत होते.

फोनला चिकटलेल्या माणसाला 'एस्ता एन्गान्चादो आल मोबिल'. व्यसनी म्हणण्यापेक्षा हलकं, आणि शब्दाच्या पोटात गळ आहे, म्हणजे गळाला लागलेला.

अवांतर : स्पेनमध्ये फुंदेउ नावाची भाषेची संस्था दरवर्षी वर्षाचा शब्द निवडते. २०१४ ला 'सेल्फि', २०१९ ला 'एमोखिस', २०२२ ला 'इन्तेलिखेन्सिया आर्तिफिसियाल'. यांच्या याद्या वाचल्या तरी वादाचे विषय मिळतात.

गवाक्ष

कुणीच कसं म्हणत नाहीये? सराव चॅटबॉटशी करा. बोलून सराव करता येतो, रात्री दोनला उठून बोललात तरी तक्रार नाही. मी त्याला आधीच सांगून ठेवतो: तू शाळेत मोबाइल हवेत या बाजूचा, मी विरुद्ध, माझं काही पटवून घेऊ नकोस, आणि चुका मधे न सांगता शेवटी सांग. मधे मधे सुधारत बसला तर वाद राहतो बाजूला.

मधुरव

गवाक्ष, वापरते मीही, पण तो फार लवकर पटवून घेतो हो. विरोध कर म्हटलं तरी दोन वाक्यांत 'तुमचा मुद्दा रास्त आहे' वर येतो. आणि मधे तोडत नाही. स्पॅनिश बोलणारी माणसं वाक्य पुरं होऊ देतात असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा त्यांच्या चर्चेचा कार्यक्रम ऐका. तिघं एकाच वेळी बोलतात आणि कुणालाही वाईट वाटत नाही. त्यात शिरायला 'पेरदोन, पेरो' (माफ करा, पण), 'एस्पेरा, एस्पेरा' (थांब, थांब), 'या, पेरो' (हो, पण) असे छोटे दरवाजे लागतात. हे माणसाशी बोलल्याशिवाय येत नाही. 'इन्तेर्काम्बियो' शोधा: अर्धा वेळ तुम्ही त्यांना तुमच्याकडची एखादी भाषा शिकवायची, अर्धा वेळ ते तुम्हाला स्पॅनिश. इंग्रजी सुधारायची असलेले ढिगाने मिळतात.

गवाक्ष

मान्य, पण इन्तेर्काम्बियोवाला आठवड्यातून एकदा भेटणार, तोही आला तर. रोजची मालिश यंत्राकडून, कुस्ती माणसाशी.

ओळंबा

दोघांचंही घ्या. फक्त बॉटने केलेली दुरुस्ती देववाणी समजू नका. लॅटिन अमेरिकेत चालणारं वाक्य तो कधी कधी स्पेनच्या पद्धतीला ओढतो किंवा उलट, आणि बरोबर वाक्यही 'जास्त नैसर्गिक' करून देतो. दुरुस्ती मिळाली की 'माझं चूक होतं, की फक्त वेगळं होतं?' हा प्रश्न त्यालाच विचारा. उत्तर बऱ्याचदा 'वेगळं' असं येतं.

खिडकीपाशी

किती लिहिलंत सगळ्यांनी! बँकेचं प्रकरण आजच शोधून वाचलं. बातम्यांत 'मायोरेस' (ज्येष्ठ) शब्द सारखा येतो, 'बिएखोस' (म्हातारे) कुठेच नाही.

एक शेवटचं. परीक्षक मत विचारतो आणि मला खरंच दोन्ही बाजू पटत असतात. तेव्हा 'देपेन्दे' (ते अवलंबून आहे) म्हटलं तर पळवाट वाटेल का? आणि तू म्हणू की तुम्ही?

ओळंबा

'देपेन्दे'वर थांबलात तर पळवाट. 'देपेन्दे दे' म्हणून पुढे कशावर ते सांगितलंत तर उत्तर. 'देपेन्दे दे ला एदाद' (वयावर), 'देपेन्दे दे किएन पागे' (पैसे कोण देणार त्यावर). दुसऱ्यात 'पागे' झालं, 'पागा' नाही, कारण पैसे कोण देणार ते अजून ठरायचंय.

'तू'ला 'तु' आणि 'तुम्ही'ला 'उस्तेद', परीक्षकाने जे सुरू केलं ते धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. मधेच बदललं की क्रियापदं घसरतात.

बोकोबा

आणि 'बिएखोस' दिसला नाही ते बरंच झालं. माणसांना तो थेट लावला तर उर्मट वाटू शकतो. जुन्या फोनला बेलाशक म्हणा.